बोलू नका

२० जून १९७६, रविवार

हिवाळा संपता संपता या गावात आलो. अजून जिला शस्त्रक्रिया म्हणावी अशी एकही माझ्या हातून झालेली नाही. नसबंदी सोडून. औरंगाबादला वॉर्डात असताना सर म्हणायचे, तुझे हात चांगले आहेत. ते हात आता खरूज, हगवण आणि टार्गेटचे आकडे भरण्यात चाललेत.

आरोग्य केंद्राची जीप तालुक्याने नसबंदीच्या शिबिरांसाठी नेली ती नेलीच. मागायला गेलो तर म्हणाले, आधी केसेस द्या, मग जीप. नाल्याला पाणी आलं की सोनपेठची एस.टी. बंद, म्हणजे मग कुणी मेलं तर इथेच मरायचं.

केसेसचं मात्र आबासाहेबांमुळे निभतं. गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले, बोलण्यात अजून तो गोडवा आहे. त्यांचा ड्रायव्हर बन्सीधर त्यांच्या जीपमधून माणसं आणून सोडतो. ती राजीखुशीने येतात का, हे मी विचारत नाही. आणीबाणी आहे, विचारायचे दिवस नाहीत.

सिस्टर कुसुमबाई मूळच्या वालूरच्या. काम चोख, बोलणं कामापुरतं. गावाबद्दल काही विचारलं तर म्हणतात, "तुमी नवे हाव साहेब." त्यांना माझा राग येतो की कीव, कळत नाही.

पूर्णेहून वडिलांचं, अण्णांचं पत्र आलं. रेल्वेतली माणसं काय, बदली म्हणजे गाडी बदलणं वाटतं त्यांना. लिहितात, वरिष्ठांशी जुळवून घे. जुळवूनच घेतोय.

७ जुलै, बुधवार. परभणी

इथे लॉजवर बसून लिहितोय. काल जे झालं ते जसंच्या तसं उतरवून ठेवायचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी डॉक्टर आहे.

सकाळची ओ.पी.डी. संपत आली होती. चौघांनी बाजेवर घालून एक माणूस आणला. उताणा. तोंडावर धोतराचं फडकं, ते रक्ताने जड झालेलं. घशातून गुडगुड आवाज. नाव भुजंग, बौद्धवाड्यातला, तिशीच्या आतबाहेरचा. बरोबर बन्सीधर होता. त्याने सांगितलं, आबासाहेबांच्या विहिरीवर इंजिन चालू करताना हँडल उडून तोंडावर बसलं. बायको सुलाबाई मागून धावत आली, तिला त्यांनी दाराबाहेरच थांबवलं. बरं केलं, खोलीत आधीच गर्दी.

मी पहिली गोष्ट केली ती चुकीची. सलाइन मागवलं. एवढं रक्त दिसलं की लक्ष रक्ताकडेच जातं. फडकं काढल्यावर कळलं की हा माणूस रक्तावाचून नव्हे, हवेवाचून मरतोय. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडून हनुवटीचा तुकडा आत गेला होता आणि त्याच्याबरोबर जीभ मागे पडून घशावर बुचासारखी बसली होती. ओठ निळे. आणि या लोकांनी त्याला विहिरीपासून इथवर उताणा आणला होता.

उठवून बसवला. पुढे वाकवला, तोंड थेट जमिनीकडे. कुसुमबाईंनी मागून डोकं धरलं. रक्ताच्या गाठी, लाळ, दातांचे तुकडे खाली पडले. बोट घालून उरलेलं काढलं. मग त्याने श्वास घेतला. असा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि तो मला फार आवडला, हेही लिहून ठेवतो.

जीभ कापडाने धरली तर निसटायची. शेवटी तिच्यातून रेशमाचा जाड टाका घातला आणि दोरा बाहेर ओढून धरला. हनुवटीचा तुकडा बोटांनी पुढे ओढला. ओठाची धमनी उडत होती ती बांधली. नाकातून मात्र रक्त मागच्या मागे घशात उतरत होतं. पुढून बोळे कोंबून ते थांबत नाही. रबराची बारीक नळी नाकातून घालून तोंडातून काढली, तिला कापसाचा बोळा बांधला आणि उलटा ओढून नाकाच्या मागच्या दाराशी घट्ट बसवला. थांबलं.

तेव्हा तो बोलायला लागला. जीभ माझ्या हातातल्या दोऱ्याला बांधलेली, जबडा लोंबतोय आणि हा बोलतोय. "आ... बा... आ... बा..." असं काहीतरी. मरणाच्या दारात माणूस बापाला हाक मारतो. मी त्याला म्हटलं, "बोलू नका. टाके तुटतील. अजिबात बोलायचं नाही." तरी त्याचं चालूच. दोनदा ओरडलो तेव्हा गप्प झाला.

थोड्या वेळाने बन्सीधर विचारपूस करायला पुन्हा दारात येऊन उभा राहिला. तेवढ्यात भुजंग एकदम बिथरला. उठायला लागला, हात झटकायला लागला, डोळे फिरवायला लागला. कंपाउंडर म्हणाला, झोपेचं इंजेक्शन देऊ का. इथेच नवखे डॉक्टर फसतात. तोंडाच्या मारात पेशंट तडफडायला लागला तर त्याला हवा कमी पडतेय असं धरायचं. झोपवला की मेला. जिभेचा बुडखा सुजत चालला होता. मी ठरवलं, गळ्यातून वाट करायची.

कपाटात निजामाच्या वेळची घटसर्पासाठीची चांदीची नळी होती. मोठ्या माणसाला बारीक, पण दुसरी आणायची कुठून? गळ्यावर आडवा छेद घेतला, श्वासनळी उघडली, नळी बसवली. फुस्स करून हवा आली आणि त्याबरोबर त्याचा आवाज गेला. ओठ हलत होते, पण नळी घशाच्या खाली, आवाज निघणार कुठून? खोलीत शांतता झाली. मला तर समाधान वाटलं.

आबासाहेब स्वतः आले होते. बाहेर लिंबाखाली उभे. चेहरा उतरलेला. म्हणाले, "जीप घ्या. पाहिजे तेवढं पेट्रोल जाळा. पण डॉक्टरसाहेब, हा माणूस मरता कामा नये." माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. तालुक्याकडून जीप मिळत नाही आणि हा माणूस मजुरासाठी आपली काढून देतो.

गंगाखेडमार्गे परभणीपर्यंत त्याला पुढे वाकवून बसवूनच आणला. एका बाजूला मी, एका बाजूला कुसुमबाई, पायाशी सुलाबाई. रस्ताभर तो हात उचलून पुढच्या सीटकडे बोट करायचा, बन्सीधरकडे. धक्के बसत असतील. मी बन्सीधरला सांगितलं, हळू चालव. भुजंगने डोळे मिटून घेतले.

इथल्या सर्जननी तपासलं आणि चारचौघांत म्हणाले, खेड्यात बसून हे केलंस? आता जबडा तारेने बांधायला त्याला औरंगाबादला पाठवलंय. सुलाबाई बरोबर गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं, पण आभार वगैरे काही मानले नाहीत. घाबरली असेल.

भुजंगच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत वळ होते, पाठही खरचटलेली. पडताना लागलं असणार.

११ जुलै, रविवार

सोनपेठचा पोलीस जमादार येऊन गेला. हँडलने असा मार बसू शकतो का, विचारलं. मी म्हटलं, बसू शकतो. औरंगाबादला मी तसे पाहिलेले आहेत, खोटं काही नाही. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. चहा घेऊन गेला.

संध्याकाळी आबासाहेब आले. म्हणाले, "तुम्ही आमच्या घरावरचं मोठं संकट टाळलंत." त्यांचा धाकटा भाऊ बरोबर होता, तो सारखा जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, माझं कर्तव्य केलं. एका मजुराच्या अपघाताला स्वतःच्या घरावरचं संकट म्हणणारा मालक मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पुढच्या शिबिराला माणसं कमी पडू देणार नाही, असंही म्हणाले.

सरांना सविस्तर पत्र लिहिलं. चांदीच्या नळीचं वाचून त्यांना मजा वाटेल.

२५ जुलै, रविवार

सरांचं उत्तर आलं. शाबासकी आहे. पुढच्या वर्षीच्या सर्जरीच्या जागेसाठी अर्ज कर म्हणतात.

भुजंगची आई धुरपताबाई काल दवाखान्यात आली होती. अंग दुखतं म्हणाली, पण दुखणं काही सांगेना. मग हळूच म्हणाली, "साहेब, आमच्यात इंजिन कुठलं? आमचं कोरडवाहू गायरान." मी समजावलं, तुमच्या रानात नाही, आबासाहेबांच्या विहिरीवर झालं ते. ती म्हणाली, "त्येंच्याकडं कामाला तो..." एवढ्यात बन्सीधर तापाच्या गोळ्या न्यायला आत आला. म्हातारी उठली, पदर सावरला आणि औषध न घेताच निघून गेली. वयाने भ्रमिष्ट झाली असावी.

ते गायरान म्हणजे गावाबाहेरचं पडीक चराऊ रान. बौद्धवाड्यातल्या काही जणांनी ते मोडून पेरायला घेतलंय. आता सरकार ते त्यांच्या नावावर करणार अशी बातमी आहे, त्यावरून गावात धुसफूस चालू असते. मला त्यात पडायचं नाही.

२५ ऑगस्ट, बुधवार. पोळा

आबासाहेबांच्या मळ्यात जेवायला गेलो होतो. बैल सजवलेले, पुरणपोळी, तुपाची धार. जेवण झाल्यावर हात धुवायला विहिरीकडे गेलो. पत्र्याखाली इंजिन होतं. सहज बघायला गेलो, ते हँडल कसं असतं म्हणून.

इंजिन अर्धं खोललेलं होतं. वरचा भाग जागेवर नाही, उरलेल्यावर पोती टाकलेली, पोत्यांवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. बन्सीधर मागून आला. त्याला विचारलं, हे कधी बिघडलं? पोटभर जेवलेला, सहज बोलून गेला, "चैतातच बसलं की साहेब. हेड परभनीला टाकलंय. पावसाळ्यात कोन काढतंय पानी?" बोलल्यावर माझ्या तोंडाकडे बघून थांबला. मग म्हणाला, सुपारी देऊ का.

मी सुपारी घेतली. परत जाऊन आबासाहेबांच्या शेजारी बसलो. सगळ्यांबरोबर हसलोही.

चैत्रात बिघडलेलं इंजिन जुलैत हँडल कसं फेकील?

२७ ऑगस्ट, शुक्रवार

हातावरचे वळ हे वार अडवताना पडतात. पहिल्या वर्षाच्या पोराला कळावं. मला फक्त जबडा दिसत होता.

कुसुमबाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या सिरिंज उकळायला ठेवत होत्या. वळल्या नाहीत. म्हणाल्या, "समद्या गावाला माहीत हाय. आबासाहेबाच्या भावानं गायरानात गाठून काठीनं मारलं. मला वाटलं तुमालाबी ठाव हाय, आन् तुमी त्येंच्यातले झालाव."

मी म्हटलं, मला सांगायचं ना. त्या म्हणाल्या, "आन् मग?"

त्या दिवशी लिंबाखाली उभ्या असलेल्या माणसाला काय हवं होतं, हे आता कळतं. भुजंग मेला असता तर खून झाला असता. वाचला म्हणून अपघात झाला. आणि तो वाचावा म्हणून जीप, पेट्रोल आणि मी.

पण जीप नसती तर तो मेलाच असता, हेही खरं. हे खरं मला कुठे ठेवावं ते कळत नाही.

जमादाराकडे जाऊन जबाब बदलायला हवा. शिबिर दोन तारखेला आहे. ते होऊन जाऊ दे.

३ सप्टेंबर, शुक्रवार

काल शिबिर झालं. टार्गेटच्या वर गेलो. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी आबासाहेबांना आणि मला एकाच वेळी हार घातले. माझ्या हाराला मुंग्या होत्या. गळाभर चावल्या, पण भाषणं संपेपर्यंत काढता येईना.

९ सप्टेंबर, गुरुवार

भुजंग आज आला. मीच निरोप धाडला होता, गळ्याची जखम दाखवायला ये म्हणून. कुसुमबाईंना दाराशी बसवलं, कुणाला आत सोडायचं नाही म्हणून सांगितलं.

ओळखू आला नाही. जबडा वाकडा जुळलाय, तोंड बोटभर उघडतं, एका बाजूने लाळ गळते आणि तो खांद्यावरच्या फडक्याने ती पुसत राहतो. गळ्यावरचं भोक भरलंय. माझा छेद सरळ आणि चांगला आहे. मी तो बघत बसलो, कारण वर बघवत नव्हतं.

मी त्याला सांगितलं की मला सगळं कळलंय. हँडलचं खोटं आहे, मी जबाब बदलतो, वर कलेक्टरला लिहितो, फक्त तू मारणाऱ्याचं नाव सांग. त्याने फडकं तोंडाला लावलं. बरोबर आलेल्या सुलाबाईने मधे काय झालं ते सांगितलं. तो औरंगाबादला असताना आबासाहेबांच्या माणसांनी कागदावर धुरपताबाईचा अंगठा घेतला, गायरानावर आमचा हक्क नाही म्हणून. न दिला तर धाकट्या दिराला आत टाकू म्हणाले. सध्याच्या दिवसांत आत टाकायला कारण लागत नाही आणि बाहेर यायला मुदत नाही. म्हातारीने अंगठा दिला.

मी तरीही बोलत राहिलो. म्हटलं, घाबरू नका, मी आहे ना. तुम्ही एकदा बोला तरी.

तेव्हा भुजंग बोलला. शब्द फुटके होते, लक्ष देऊन ऐकावे लागले. "तवा मी बोलायलो होतो साहेब. तुमी गप ऱ्हा म्हनलाव. आता मी गप हाय तर बोल म्हनायलाव."

मी म्हटलं, तेव्हा तुमचा जीव वाचवायचा होता. तो म्हणाला, "व्हय. वाचलाय की."

मग मी एक गोष्ट विचारली, ती विचारायला नको होती. गळा कापायच्या आधी तू तडफडत होतास, तेव्हा श्वास कोंडत होता का? तो थोडा वेळ आठवत बसला. खरं तेच सांगावं म्हणून विचार करत होता, मला दिसत होतं. म्हणाला, "दम चालला होता. दारात बन्सीधर येऊन हुभा ऱ्हायला, म्हून मी उठायलो होतो."

जिभेचा बुडखा सुजत होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आज ना उद्या नळी घालावीच लागली असती. निदान वाटेत तरी. मी हे त्याला सांगितलं. तो हं हं करत होता, जसं आपण लहान मुलाला करतो.

गेल्यावर मला राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला. या जिल्ह्यात तो जीव दुसऱ्या कुणी वाचवला नसता. एका शब्दानं तरी म्हणायचं.

१० सप्टेंबर, शुक्रवार

सोनपेठला गेलो. जमादाराला म्हटलं, माझा जबाब बदलायचा आहे. त्याने मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, पेशंट काय म्हणतो? मी म्हटलं, तो बोलायला तयार नाही. मग तुम्ही कशाला, म्हणाला. डॉक्टरने आधी एक आणि नंतर एक सांगितलं तर सर्जरीच्या जागेचं अवघड होईल, असं तो अगदी काळजीने म्हणाला. माझ्या जागेबद्दल त्याला कुणी सांगितलं? पोळ्याच्या पंगतीत मीच बोललो होतो, आबासाहेबांना.

एस.टी. मिळाली नाही. चालत परत आलो.

१४ सप्टेंबर, मंगळवार

अर्ज टाकला. सरांचं पत्र जोडलं. अर्जात भुजंगची केस लिहिली आहे. मारहाण की अपघात हे तिथे विचारत नाहीत. श्वासमार्ग कसा मोकळा केला, रक्तस्राव कसा थांबवला, एवढंच.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

सायकलवरून उपकेंद्रावर जात होतो. वाट गायरानाच्या कडेने जाते. ज्वारी छातीला लागली होती आणि बायका तणकाढणी करत होत्या. बांधावर आबासाहेबांचा भाऊ छत्री लावून उभा होता. त्याने मला नमस्कार केला. मीही केला. हात आपोआप वर गेला.

कडेच्या ओळीत सुलाबाई होती. मला बघून उठली, पदराने तोंड पुसलं. मी सायकलवरून उतरलो. म्हटलं, तुम्ही इथे? म्हणाली, रोजानं येते, तो अजून कामाला जात नाही, वाकला की तोंडातून लाळ गळते आणि पोरं हसतात. मग स्वतःच म्हणाली, "इथं खुरपायला सोपं जातंय. दगड समदे आमीच येचलेत."

हे टोमणा म्हणून म्हणाली का, मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तसं काही नव्हतं. कामाचं सांगत होती.

मग तिने विचारलं, भाकरी कधीपासून खाऊ द्यावी, नुसत्या कण्यांवर त्याचं पोट भरत नाही. मी सांगितलं, अजून महिनाभर दुधात किंवा वरणात कुस्करून, घास लहान, आणि खाताना पाठ सरळ ठेवून बसायचं. तिने ते एकदा म्हणून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे.

छत्रीवाल्याने हाक मारली तशी ती खाली वाकली. मी सायकलवर बसलो. रान खरंच स्वच्छ होतं. इतकी निगुतीने केलेली जमीन मी या भागात दुसरी पाहिलेली नाही.